खासदार पक्ष सोडून मध्यममार्गी गट काढतात तेव्हा : ब्रिटनमधील बातमी तोलण्याची रीत

ब्रिटनच्या राजकारणात अधूनमधून एक बातमी येते. मोठ्या पक्षांतील काही खासदार नेतृत्वाला कंटाळून बाहेर पडतात, पत्रकार परिषद घेतात, डाव्या आणि उजव्या दोन्ही टोकांपासून सारखेच अंतर राखणारा नवा गट स्थापन झाल्याचे जाहीर करतात आणि पुढचे आठ-पंधरा दिवस वृत्तवाहिन्यांना दुसरा विषय उरत नाही. लंडन, स्लाव किंवा लेस्टरमध्ये स्थायिक झालेल्या मराठी माणसाला ही बातमी नुसती चवीने वाचून सोडून देता येत नाही. वास्तव्याचा परवाना असलेला भारतीय नागरिक राष्ट्रकुलाचा नागरिक या नात्याने तेथील सार्वत्रिक निवडणुकीतही मतदान करू शकतो, आणि बाहेर पडलेला खासदार उद्या त्याच्याच मतदारसंघाचा असू शकतो. अशी बातमी आल्यावर आधी काय तपासावे, कोणत्या आकड्याला किती किंमत द्यावी आणि कोणत्या भाषणांकडे खुशाल दुर्लक्ष करावे, याची एक रीत पुढे मांडली आहे.

त्यासाठी दोन प्रकरणे सतत समोर ठेवावी लागतील. पहिले १९८१ चे. २५ जानेवारी १९८१ रोजी रॉय जेंकिन्स, डेव्हिड ओवेन, शर्ली विल्यम्स आणि बिल रॉजर्स या मजूर पक्षाच्या चार माजी मंत्र्यांनी पूर्व लंडनमधील लाइमहाउस येथे, ओवेन यांच्या घरातून आपले निवेदन प्रसिद्ध केले, आणि त्यातून मार्चमध्ये सोशल डेमोक्रॅटिक पार्टी उभी राहिली. दुसरे २०१९ चे. १८ फेब्रुवारी २०१९ रोजी मजूर पक्षाचे सात खासदार बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी आठवा आला, तिसऱ्या दिवशी हुजूर पक्षाचे तिघे त्यांना मिळाले आणि अकरा जणांचा ‘द इंडिपेंडंट ग्रुप’ झाला. पहिला प्रयोग विलीनीकरणापर्यंत सात वर्षे चालला आणि त्याने ब्रिटनच्या तिसऱ्या पक्षाची घडणच बदलली. दुसरा बरोबर दहा महिन्यांत आटोपला.

आधी आपल्याकडची सवय बाजूला ठेवावी

जून २०२२ मध्ये शिवसेना आणि जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेस फुटलेली पाहिलेल्या मराठी वाचकाच्या मनात पक्षफुटीची बातमी ऐकताच ठरावीक प्रश्न उभे राहतात : दोन-तृतीयांश संख्याबळ जमले का, अध्यक्ष अपात्रतेवर काय निर्णय देणार, मूळ पक्ष कोणाचा आणि चिन्ह कोणाकडे जाणार. यांतले संख्याबळाचे आणि अपात्रतेचे प्रश्न राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टातून, म्हणजे १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यातून आणि त्याला २००३ मध्ये झालेल्या दुरुस्तीतून निर्माण होतात. ब्रिटनमध्ये असा कायदाच नाही. तेथे खासदार एकटा बाहेर पडो वा अकरा जणांसह, त्याची जागा शाबूत राहते. सोडून आलेल्या पक्षाच्या नावावर किंवा चिन्हावर तो दावा सांगत नाही आणि सभागृहाचे अध्यक्ष त्याच्या पात्रतेची सुनावणी घेत नाहीत. त्यामुळे तिकडची फूट संख्याबळासाठी थांबून राहत नाही. सात जण सोमवारी निघाले आणि उरलेले चौघे त्यांच्यामागून दोन दिवसांत आले, हे तेथेच शक्य होते.

खासदाराला परत बोलावण्याचा कायदा २०१५ पासून अस्तित्वात आहे हे खरे, पण तुरुंगवासाची शिक्षा, सभागृहातून किमान दहा बैठकदिवसांचे निलंबन किंवा भत्त्यांबाबत खोटी माहिती दिल्याचा गुन्हा सिद्ध होणे, या तीन कारणांपैकी एखादे घडल्यावरच दहा टक्के मतदारांच्या सह्यांची प्रक्रिया सुरू होते. पक्ष बदलणे हे त्यातले कारण नाही. म्हणून “आमच्या खासदाराने आमचा विश्वासघात केला, त्याला परत बोलवा” अशी मोहीम समाजमाध्यमांवर दिसली, तर तिच्यात कायदेशीर ताकद नाही हे लगेच ओळखावे.

कायदा विचारत नाही म्हणून मतदारानेही विचारू नये असे मात्र नाही. नव्या गटातील कोणी राजीनामा देऊन पोटनिवडणूक लढवणार आहे का, हा प्रश्न पहिल्याच दिवशी लावून धरण्यासारखा आहे. १९८१-८२ मध्ये सोशल डेमोक्रॅटिक पार्टीत गेलेल्या विद्यमान खासदारांपैकी ब्रूस डग्लस-मान या एकट्यानेच तसे केले आणि फॉकलंड युद्ध चालू असताना झालेल्या त्या पोटनिवडणुकीत ते हुजूर पक्षाकडून हरले. २०१४ मध्ये हुजूर पक्षातून यूकेआयपी या युरोपीय संघविरोधी पक्षात गेलेल्या डग्लस कार्सवेल आणि मार्क रेक्लेस यांनी जागा सोडून पुन्हा निवडून येऊन दाखवले. तो पक्ष मध्यममार्गी नव्हता, पण रीत लक्षात घेण्याजोगी आहे. २०१९ च्या अकरांपैकी कोणीही हा मार्ग धरला नाही. त्यांचा युक्तिवाद असा होता की ब्रेक्झिटचा निर्णय तोंडावर असताना सभागृह सोडून प्रचारात गुंतणे परवडणारे नाही, आणि तो अगदीच टाकाऊ नव्हता. तरीही माझ्या मते त्यांनी एक मोठी संधी गमावली, कारण नव्या गटाला भाषणांपेक्षा पुराव्याची गरज असते आणि मतदान हाच एकमेव पुरावा असतो. सोशल डेमोक्रॅटिक पार्टीला तो नोव्हेंबर १९८१ मध्ये मिळाला. तेव्हा संसदेबाहेर असलेल्या शर्ली विल्यम्स यांनी क्रॉस्बीची, १९ हजारांहून अधिक मताधिक्याने हुजूर पक्षाकडे असलेली जागा पोटनिवडणुकीत खेचून आणली आणि पुढच्या मार्चमध्ये जेंकिन्स ग्लासगोच्या हिलहेडमधून निवडून आले. त्यानंतर त्या पक्षाला ‘चार नेत्यांचा क्लब’ म्हणून हिणवणे अवघड झाले.

मताधिक्य माणसाचे की पक्षाचे

यानंतर बाहेर पडलेल्यांची यादी घ्यावी आणि प्रत्येकासमोर त्याचा मतदारसंघ आणि मागील निवडणुकीतील मताधिक्य लिहावे. २०१९ च्या यादीत चुका उमुन्ना यांच्या स्ट्रेथमचे मताधिक्य २६ हजारांच्या पुढे होते, तर ॲना सुब्री यांचे ब्रॉक्सटो अवघ्या ८६३ मतांनी राखलेले होते. वरवर पाहता पहिली जागा भक्कम आणि दुसरी धोक्यातील वाटते. पण हे मताधिक्य पक्षाच्या चिन्हाखाली मिळालेले होते, आणि चिन्ह सोडल्यानंतर त्यातले किती उरते हे त्या आकड्यावरून कळत नाही. एखादा खासदार व्यक्तिशः कितीही लोकप्रिय असला, तरी लंडनमधील बहुसंख्य मतदार उमेदवाराआधी पक्ष पाहतो.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे खालची फळी कोणाबरोबर आहे. खासदार पक्ष सोडतो तेव्हा स्थानिक शाखा, नगरसेवक, दारोदार फिरून वर्षानुवर्षे जमवलेली मतदारांची माहिती, पत्रके वाटणारे स्वयंसेवक आणि निवडणूक प्रतिनिधी हे सगळे जुन्या पक्षाकडेच राहते. येथे महाराष्ट्रातील एक उदाहरण खरोखर उपयोगी पडते. १९९९ मध्ये शरद पवार, पी. ए. संगमा आणि तारिक अन्वर यांनी काँग्रेसबाहेर पडून राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन केली आणि अवघ्या काही महिन्यांत झालेल्या विधानसभा निवडणुकीत त्या पक्षाने ५८ जागा जिंकल्या, त्या मुख्यतः सहकारी कारखाने, जिल्हा बँका आणि जिल्हा परिषदांतील माणसे नेत्याबरोबर आली म्हणून. तेव्हा ब्रिटनमधील नव्या गटाची बातमी वाचताना वरच्या अकरा नावांपेक्षा त्यांच्या मतदारसंघांतील किती नगरसेवकांनी त्यांच्याबरोबर पक्ष सोडला हे शोधावे. स्थानिक वृत्तपत्राच्या संकेतस्थळावर हे एका दिवसात कळते, आणि तेथे शांतता असेल तर त्या शांततेचा अर्थ उघड आहे.

मतपत्रिकेवर काय छापले जाणार

ही तपासणी बहुतेक जण करतच नाहीत. ब्रिटनमध्ये ‘गट’ आणि ‘पक्ष’ यांत कायद्याने मोठा फरक आहे. निवडणूक आयोगाकडे नोंदणी झाल्याखेरीज उमेदवाराला मतपत्रिकेवर पक्षाचे नाव लावता येत नाही. तो ‘अपक्ष’ असे लिहू शकतो किंवा ती जागा कोरी ठेवू शकतो. नोंदणीसाठी नाव, पक्षाची घटना, नेता, खजिनदार आणि उमेदवारी देणारा अधिकारी लागतो, आणि हवे असल्यास चिन्हही मंजूर करून घ्यावे लागते. याउलट नुसत्या गटाला यातले काहीच करावे लागत नाही. २०१९ चा गट सुरुवातीला ‘जेमिनी ए’ नावाच्या खासगी कंपनीच्या आधाराने चालत होता आणि म्हणूनच त्याच्यावर पक्षांप्रमाणे देणगीदार जाहीर करण्याचे बंधन नव्हते. पारदर्शकतेची भाषा करणाऱ्यांसाठी ही सुरुवात शोभणारी नव्हती, आणि विरोधकांनी ते लगेच बोलून दाखवले.

एप्रिलमध्ये ‘चेंज यूके – द इंडिपेंडंट ग्रुप’ या नावाने पक्षाची नोंदणी झाली खरी, पण चिन्ह नामंजूर झाले. त्यात काळ्या पार्श्वभूमीवर नावाची आद्याक्षरे ‘टिग’ आणि ‘चेंज’ हा शब्द हॅशटॅगसह होता. आयोगाचे म्हणणे असे की ही आद्याक्षरे मतदारांना पुरेशी परिचित नाहीत आणि हॅशटॅगमागे येणारा मजकूर सतत बदलत असल्यामुळे तो कायद्याच्या कसोटीवर तपासता येत नाही. परिणाम असा झाला की २३ मे रोजी युरोपीय संसदेसाठी मतदान करायला गेलेल्या मतदाराच्या हातात आली ती लांबलचक मतपत्रिका, जिच्यावर इतर पक्षांच्या नावांशेजारी त्यांची ओळखीची चिन्हे होती आणि या नव्या पक्षाच्या नावाशेजारचा चौकोन रिकामा होता. त्या निवडणुकीत मत व्यक्तीला द्यायचे नसून पक्षाच्या यादीला द्यायचे होते, म्हणजे नाव आणि चिन्ह हेच सर्वस्व होते. त्यातच याचिकांचे संकेतस्थळ चालवणाऱ्या चेंज डॉट ऑर्गने नावावर आक्षेप घेतला आणि जूनमध्ये पक्षाला ‘द इंडिपेंडंट ग्रुप फॉर चेंज’ असे तिसरे नाव घ्यावे लागले. जो गट चार महिन्यांत तीन नावे धारण करतो, त्याच्या धोरणपत्रिकेचा अभ्यास करण्यात वेळ घालवू नये.

म्हणून आयोगाच्या सार्वजनिक नोंदवहीत नाव टाकून पाहावे. नोंदणी घोषणेच्या आधी झाली आहे का, चिन्ह मंजूर आहे का, अधिकृत नेता कोण, हे तेथे दिसते. नायजेल फराज यांच्या ब्रेक्झिट पार्टीची नोंदणी फेब्रुवारी २०१९ मध्ये झालेली होती, नाव आणि मागणी एकच होती, आणि तीन महिन्यांनी त्याच युरोपीय निवडणुकीत तिने ३०.५ टक्के मतांसह २९ जागा मिळवल्या. त्या पक्षाची भूमिका कोणाला पटो वा न पटो, तयारी कशाला म्हणतात हे तेथून शिकावे.

पहिली निवडणूक कोणती

नव्या गटाच्या वाटेत पहिली निवडणूक कधी आणि कोणत्या पद्धतीची येते, हे दिनदर्शिका घेऊन पाहावे. २ मे २०१९ च्या स्थानिक निवडणुका चेंज यूकेने लढवल्याच नाहीत आणि त्याच दिवशी जुन्या मध्यममार्गी लिबरल डेमोक्रॅट पक्षाने सातशेहून अधिक नगरसेवकांची भर घातली. ‘मजूर आणि हुजूर दोघेही नकोत’ म्हणणाऱ्या मतदाराने तीन आठवडे आधीच आपले ठिकाण निवडलेले होते. युरोपीय निवडणूक मात्र मतांच्या प्रमाणात जागा देणाऱ्या पद्धतीची होती, म्हणजे नव्या पक्षासाठी सर्वांत अनुकूल, आणि तेथेच त्याला ३.३ टक्के मते आणि शून्य जागा मिळाल्या.

ओघाने गोव्याचाही संदर्भ येतो. स्विंडनसारख्या शहरात पोर्तुगीज पारपत्रावर राहणारे अनेक गोमंतकीय त्या निवडणुकीत युरोपीय नागरिक म्हणून मतदार होते. मात्र युरोपीय नागरिकांना त्यासाठी एक जादा घोषणापत्र वेळेत भरून द्यावे लागत होते, आणि ते न भरल्यामुळे देशभर अनेकांना मतदान केंद्रावरून परत जावे लागले. युरोपवादी म्हणवणाऱ्या पक्षाचा हा नैसर्गिक मतदार. सार्वत्रिक निवडणुकीत त्या पारपत्रावर मतदान करता येत नाही, भारतीय पारपत्रावर करता येते. एकाच घरात दोन्ही असतील तर हे आधीच नीट पाहून घ्यावे.

मधली जागा रिकामी आहे का

माझ्या मते सगळ्या तपासण्यांमध्ये ही सर्वांत वजनदार आहे. पत्रकार परिषदेत नेहमी असे सांगितले जाते की दोन मोठे पक्ष टोकाला गेल्यामुळे मध्यभाग मोकळा पडला आहे. मतदारांच्या मनात तो मोकळा असेलही, पण मतपत्रिकेवर तेथे आधीपासून कोणीतरी बसलेले असते. १९८१ मध्ये तेथे डेव्हिड स्टील यांचा लिबरल पक्ष होता, २०१९ मध्ये लिबरल डेमोक्रॅट होते. नव्या गटाचे भवितव्य, तो या शेजाऱ्याशी काय करार करतो यावर अवलंबून असते आणि तो करार पहिल्या काही महिन्यांतच व्हावा लागतो.

१९८१ च्या चौघांनी हे ओळखले. त्यांनी लिबरल पक्षाशी आघाडी केली, मतदारसंघ जवळपास निम्मे-निम्मे वाटून घेतले, आणि त्या वाटाघाटींत जाहीर कुरबुरी झाल्या तरी १९८३ ला एकमेकांविरुद्ध उमेदवार उभे करण्याचे जवळपास सर्वत्र टाळले. १९८८ मध्ये दोन्ही पक्ष विलीन झाले आणि आजचा लिबरल डेमोक्रॅट पक्ष त्यातून निघाला. विलीनीकरणाला नकार देऊन डेव्हिड ओवेन यांनी जुन्या नावाने वेगळी चूल मांडली, तिचे काय झाले तेही पाहण्यासारखे आहे. मे १९९० मध्ये बूटल येथील पोटनिवडणुकीत त्यांच्या उमेदवाराला १५५ मते पडली आणि विचित्र टोप्या घालून निवडणूक लढवणाऱ्या मॉन्स्टर रेव्हिंग लूनी पार्टीला ४१८. त्यानंतर काही दिवसांतच पक्ष गुंडाळला गेला. माजी परराष्ट्रमंत्री नेता असूनही हे घडले.

२०१९ ला उलट घडले. फेब्रुवारीत अकरा खासदारांचा गट आणि अकरा खासदारांचे लिबरल डेमोक्रॅट सभागृहात अगदी तुल्यबळ होते, आणि बरोबरीच्या भागीदारीची बोलणी करण्याची तीच घडी होती. नव्या गटातील काहींना वाटत होते की २०१० ते २०१५ मधील, हुजूर पक्षाबरोबरच्या आघाडी सरकारातील सहभागामुळे डागाळलेल्या लिबरल डेमोक्रॅट पक्षाची जागाच आपण घेऊ. मे महिन्यात दोघांनी वेगवेगळ्या याद्या दिल्या. लिबरल डेमोक्रॅटना १९.६ टक्के मते आणि १६ जागा मिळाल्या, नव्या पक्षाला भोपळा. मतदानाआधीच स्कॉटलंडमधील नव्या पक्षाचा पहिल्या क्रमांकाचा उमेदवार लिबरल डेमोक्रॅटना पाठिंबा देऊन बाहेर पडला होता. ४ जूनला अकरांपैकी सहा जणांनी पक्ष सोडला, त्यांत हंगामी नेत्या हायडी ॲलन स्वतः होत्या. सहांपैकी पाच जण पुढच्या काही महिन्यांत लिबरल डेमोक्रॅट झाले.

डिसेंबर २०१९ च्या सार्वत्रिक निवडणुकीत या अकरा जणांचे जे झाले, त्याला नैसर्गिक प्रयोगच म्हणावे लागेल. नव्या पक्षाच्या नावावर आपापल्या जुन्या मतदारसंघांत उभ्या राहिलेल्या तिघांपैकी सुब्री यांना ८.५ टक्के, माइक गेप्स यांना सात टक्क्यांहून थोडी अधिक आणि क्रिस लेस्ली यांना चार टक्क्यांहून कमी मते पडली. लेस्ली यांची अनामत रक्कमही जप्त झाली. लिबरल डेमोक्रॅट म्हणून परक्या मतदारसंघांत गेलेल्या चुका उमुन्ना आणि लुसियाना बर्गर यांना मात्र प्रत्येकी तीस टक्क्यांहून अधिक मते मिळाली आणि दोघेही दुसऱ्या क्रमांकावर राहिले. निवडून कोणीच आले नाही. पण सारखीच पार्श्वभूमी, सारखीच भूमिका आणि एकाच दिवशीचे मतदान असताना मतांत एवढे अंतर पडले, ते मुख्यतः पाठीशी उभी असलेली संघटना आणि तिचे ओळखीचे नाव यांमुळे. परक्या गल्लीत ते जिंकण्याच्या जवळ गेले आणि स्वतःच्या गल्लीत त्यांचे सहकारी उचलून फेकले गेले.

आकडे वाचताना

घोषणेनंतर लगेच येणाऱ्या जनमत पाहण्यांकडे पाहावे, पण त्यांवर घर बांधू नये. फेब्रुवारी २०१९ मध्ये एका पाहणीत नव्या गटाला १८ टक्क्यांपर्यंत पसंती दिसली. डिसेंबर १९८१ मध्ये तर गॅलपच्या पाहणीत लिबरल-सोशल डेमोक्रॅट आघाडी ५० टक्क्यांच्या आसपास होती. गटाचे नाव प्रश्नकर्त्याने स्वतःहून उच्चारले की नाही, इतर पर्याय कोणते दिले होते, आणि त्या आठवड्यात बातम्यांत कोण होते, यांवर असे आकडे फार हलतात.

पाहणीतली टक्केवारी खरी मानली तरी पुढचा प्रश्न उरतो : ती कोठे आहे. ब्रिटनची पद्धत आपल्या लोकसभेसारखीच आहे. मतदारसंघात सर्वाधिक मते घेणारा एकच निवडून येतो, आणि सगळीकडे सारखी पसरलेली मते अशा पद्धतीत वाया जातात. १९८३ मध्ये आघाडीला २५.४ टक्के मते मिळाली, मजूर पक्षाला २७.६. जागा मात्र आघाडीला २३ आणि मजूर पक्षाला २०९. मजूर पक्षाची एक जागा सरासरी ४० हजार मतांत आली, आघाडीची सव्वातीन लाखांहून अधिक मतांत. आघाडीचे उमेदवार तीनशेहून अधिक ठिकाणी दुसरे आले होते, आणि दुसऱ्या क्रमांकाला संसदेत खुर्ची नसते. फुटून आलेल्या खासदारांपैकी बहुतेक जण त्या दिवशी घरी गेले. सोशल डेमोक्रॅटिक पार्टीच्या वाट्याला २३ पैकी सहाच जागा आल्या. मध्यममार्गी मतदार बालेकिल्ला करून राहत नाही, तो प्रत्येक मतदारसंघात थोडाथोडा असतो, हीच या गटांची मूळ अडचण आहे.

ती सुटू शकते हे २०२४ मध्ये दिसले, पण ते नव्या गटाने दाखवले नाही. लिबरल डेमोक्रॅटनी १२.२ टक्के मतांवर ७२ जागा जिंकल्या, कारण त्यांनी जिंकण्याजोगे मतदारसंघ वेचून तेथेच माणसे आणि पैसा लावला. त्याच दिवशी फराज यांच्या रिफॉर्म यूके पक्षाला १४.३ टक्के मतांवर पाचच जागा मिळाल्या. म्हणून एखादा नवा गट “आम्ही सर्व ६५० जागा लढवू” असे जाहीर करत असेल तर तो उत्साह समजावा, आणि “आम्ही या चाळीस जागांवर लक्ष देणार” असे म्हणत असेल तर त्या चाळीस जागांची यादी मागावी.

फ्रान्सचा दाखला कोणीतरी देतोच. एप्रिल २०१६ मध्ये आमियाँ येथे इमॅन्युएल मॅक्रॉन यांनी ‘आँ मार्श’ सुरू केले आणि चौदा महिन्यांत त्यांच्या पक्षाला ५७७ पैकी ३०८ जागा मिळाल्या, हे खरे. पण तेथे आधी राष्ट्राध्यक्षपदाची थेट निवडणूक होती, ती दोन फेऱ्यांची होती, पहिल्या फेरीत २४ टक्के मते दुसऱ्या फेरीत पोहोचण्यास पुरेशी ठरली, आणि संसदेची निवडणूक त्या विजयाच्या लाटेवर दीड महिन्यात झाली. यातली एकही गोष्ट ब्रिटनमध्ये नाही.

पैसा आणि नेता

पैशाबाबत एकच गोष्ट पाहावी. विरोधी पक्षांना संसदेच्या कामासाठी जे सरकारी साहाय्य मिळते, त्याचा हिशेब मागील सार्वत्रिक निवडणुकीत पक्षाने जिंकलेल्या जागांवर आणि मतांवर होतो. मधल्या काळात फुटून झालेल्या गटाला ते मिळत नाही, म्हणजे तो पहिल्या दिवसापासून देणगीदारांवर जगतो. देणगीदार कोण, हे पक्ष नोंदला गेल्यावर आयोगाच्या यादीत येते. तोवर प्रत्येक खासदाराची वैयक्तिक हितसंबंधांची नोंद वाचावी.

नेता ठरलेला नसेल तर तेही खूण म्हणून धरावे. १९८१ ला चौघे मिळून नेतृत्व करत होते तोवर ठीक चालले, कारण चौघेही मंत्रिपदे भोगलेले आणि घराघरांत माहीत असलेले होते. २०१९ ला अकरांपैकी एकही माजी कॅबिनेट मंत्री म्हणून सर्वसामान्य मतदाराला ठाऊक नव्हता, आणि “सध्या आमच्यात सगळे समान आहेत” हे उत्तर वाहिन्यांवर आठवडाभरच चालते.

तुमचाच खासदार गेला असेल तर

सर्वप्रथम एक गोष्ट समजून घ्यावी की व्हिसा, घर किंवा शाळा यांसंबंधीचे जे काम तुम्ही त्याच्याकडे दिले होते, ते तसेच चालू राहते. खासदार पक्षाचा राहिला नाही तरी मतदारसंघाचा असतोच, त्याचे कार्यालय आणि कर्मचारी संसदेच्या पैशावर चालतात आणि तुमच्या पत्राला उत्तर देण्याची जबाबदारी बदलत नाही. पत्रात मतदारसंघातील आपला पूर्ण पत्ता आणि पोस्टकोड लिहावा. तो नसेल तर कार्यालय पत्र बाजूला ठेवते.

मत विचारायचे असेल तर खासदाराच्या साप्ताहिक भेटीच्या वेळी, ज्याला तेथे ‘सर्जरी’ म्हणतात, वेळ मागून जावे. दहा-पंधरा मिनिटे मिळतात. त्यांत ब्रेक्झिट, नेतृत्व, मूल्ये यांवर चर्चा सुरू केली तर वेळ संपून जातो आणि हाती काही येत नाही, कारण त्या विषयांवरची उत्तरे पाठ असतात. त्याऐवजी नेमके विचारावे : येत्या मे महिन्यातील स्थानिक निवडणुकीत आमच्या प्रभागात तुमचा उमेदवार असेल का, लिबरल डेमोक्रॅटही येथे उभे राहिले तर तुम्ही काय करणार, जुन्या पक्षाच्या किती नगरसेवकांनी तुम्हाला साथ दिली, आणि पुढील सार्वत्रिक निवडणुकीत तुम्ही याच मतदारसंघातून उभे राहणार आहात का. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर लिहून घ्यावे. २०१९ च्या अकरांपैकी पाच जण त्या डिसेंबरात आपल्या जुन्या मतदारसंघात उभे राहिले, तिघे दुसरीकडे गेले आणि तिघांनी निवडणूकच लढवली नाही.